शहाणी झाली, म्हणून शाळा बंद?

आपल्या फोडणीत जो हिंग पडतो, त्यातला पुष्कळसा अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येतो. आपल्या वाडवडिलांस त्या मुलखाची ओळख दोन प्रकारांनी होती. एक पानिपतच्या कथेतून, आणि दुसरी दारात काठी आपटून व्याज मागणाऱ्या पठाणाकडून. आज आम्ही त्या मुलखातील तिसऱ्याच एका गोष्टीविषयी लिहिणार आहोत. ती गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या मुलीची आहे, सबब ती प्रत्येक घरातील आहे. घरात ज्याला वाचता येते त्याने हा लेख मोठ्याने वाचावा आणि चुलीपुढे बसलेल्या माउलीसही ऐकवावा, अशी आमची विनंती आहे.

आपल्या बोलीत मुलीस पहिले न्हाण आले की बायका म्हणतात, "पोर शहाणी झाली." शब्द किती चांगला आहे! जुन्या काळी अशा मुलीस मखरात बसवीत, तिची ओटी भरीत, ऐपत असेल तो वाजंत्री लावी. पण त्याच आठवड्यात तिचे दप्तर खुंटीस लागे आणि बाप स्थळ शोधावयास निघे. ज्या दिवशी तिला शहाणी म्हणावयाचे, त्याच दिवशी शहाणपणाचे दार तिच्या तोंडावर लावावयाचे, हा उफराटा न्याय आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. अफगाणिस्तानात मात्र हाच न्याय सरकारने हुकूम काढून सबंध देशावर लादला आहे.

ता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान या हत्यारबंद पंथाने काबूल शहर दुसऱ्यांदा घेतले. पूर्वी १९९६ ते २००१ अशी पाच वर्षे त्यांचा अंमल होता, व तेव्हाही मुलींच्या शाळा बंदच होत्या. २०२१ च्या सप्टेंबरात सहावीच्या पुढील शाळा उघडल्या, त्या फक्त मुलग्यांसाठी. मुलींस सांगितले, थोडे थांबा. पुढे ता. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही शाळा उघडणार असे जाहीर झाले. मुली आनंदाने शाळेत गेल्या, आणि काही तासांतच हुकूम आला की घरी परत जा. आम्ही रोज हजेरी घेणारी माणसे. त्या सकाळी ज्या मास्तरणीने पोरींची नावे पुकारली आणि दुपार होण्याआधी त्यांना फाटकाबाहेर काढले, तिच्या मनाची काय दशा झाली असेल, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

यानंतर एकेक दार बंद होत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे बंद झाली. बागेत फिरणे बंद झाले. २०२३ च्या जुलैत बायकांनी बायकांसाठी चालविलेली केशभूषेची दुकाने बंद झाली आणि हजारो घरांची मीठभाकरी गेली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईण होण्याचे शिक्षणही थांबविले. ही शेवटची गोष्ट आपल्या बायकांनी नीट ध्यानात घ्यावी. पुरुष डॉक्टरने परक्या बाईस हात लावू नये असे ज्यांचे म्हणणे, तेच बाईस सुईणपण शिकू देत नाहीत. मग आडलेल्या बाळंतिणीने जावे कोठे? ज्या हुकूमशाहीस बाईची अब्रू जपावयाची आहे म्हणे, तिला बाईचा जीव जपता येत नाही. युनेस्को या जागतिक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केले की, या बंदीमुळे किमान १४ लाख मुलींचे माध्यमिक शिक्षण तुटले आहे.

कोणी विचारील, सहावीच का? पहिलीपासूनच का नाही? याचे उत्तर सरळ आहे. सहावी संपते तेव्हा मुलगी बारा-तेराची होते, म्हणजे वयात येते. तोवर ती पाढे म्हणते, अक्षर गिरविते. पुढे ती दस्तऐवज वाचू लागते, सावकाराची बेरीज तपासते आणि "हे असे का?" म्हणून विचारू लागते. जुलमास भीती वाटते ती या प्रश्नाची. म्हणून नेमक्या त्याच उंबरठ्यावर त्याने कुलूप लावले आहे.

हे कुलूप लावण्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक घरापुढे शिपाई उभा करण्याइतके शिपाई कोणत्याच सरकारपाशी नसतात. म्हणून मे २०२२ मध्ये हुकूम निघाला की, बाईने बाहेर पडताना तोंड झाकले नाही तर तिच्या बापास, भावास किंवा नवऱ्यास जबाबदार धरावे, त्यास ताकीद द्यावी, तुरुंगात घालावे, सरकारी नोकर असेल तर नोकरीवरून काढावे. म्हणजे बापालाच लेकीचा जेलर करून टाकले! जो बाप मनाने भला आहे, ज्याला लेकीस शिकवावयाचे आहे, तोही मुलाबाळांच्या पोटाच्या भीतीने तिला म्हणतो, "बाई, घरातच बस." शिवाय डिसेंबर २०२१ पासून ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासास बाईबरोबर घरचा पुरुष, ज्याला ते महरम म्हणतात, तो पाहिजेच असा नियम आहे. ऑगस्ट २०२४ च्या ३५ कलमी कायद्याने तर बाईचा आवाजही झाकून ठेवण्याची वस्तू ठरविला.

हे ऐकून आमच्यातील कित्येकजण कपाळास हात लावतील आणि म्हणतील, कसला हा रानटी धर्म! त्यांना आम्ही म्हणतो, जरा दमाने घ्या. बाईने बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या व म्हातारपणी लेकाच्या ताब्यात राहावे, तिला स्वतंत्रपणा नको, असा दंडक कोणत्या ग्रंथात आहे, हे सत्यशोधकाच्या घरात सांगावयास नको. महरमाचा नियम आणि मनूचा नियम एकाच मापाचे आहेत. न्हाण येण्याच्या आत मुलीचे लग्न झालेच पाहिजे, नाहीतर बाप नरकात जातो, असे सांगणारे भटजी काबूलातून आलेले नव्हते. १८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला आणि दहा वर्षांचे वय बारावर नेले. बाराच! तेवढ्यावरून धर्म बुडाला म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला, आणि त्या गहजबाचे पुढारीपण लोकमान्य म्हणविणाऱ्या टिळकांनी केले. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा शेणमाती कोणी फेकली, हेही जगजाहीर आहे. तेव्हा जुलमास जात-धर्म चिकटवू नये. जो तो जुलमी आपापल्या मुलखातील धर्माचा अंगरखा घालतो.

मुसलमान धर्मच मुलींच्या शिक्षणाआड येतो, असे म्हणणे खोटे आहे. इजिप्तमधील अल-अझहर हे मुसलमानी विद्येचे थोर पीठ. त्याच्या मुख्य इमामांनी डिसेंबर २०२२ मध्येच सांगितले की, विद्यापीठाची ही बंदी इस्लामी शास्त्रास धरून नाही. खुद्द तालिबानच्या परराष्ट्र खात्यातील उपमंत्री स्तानिकझाई यांनी जानेवारी २०२५ मध्ये उघड सभेत बोलून दाखविले की, या बंदीस काही सबब नाही आणि हा आपल्याच लोकांवर अन्याय आहे. काबूलच्या पोरींचे नाव घेऊन जो कोणी आपल्या गावच्या तांबोळी, पिंजारी, बागवान, मुलाणी शेजाऱ्यांविरुद्ध मन कलुषित करू पाहील, त्यास त्या पोरींची काडीमात्र काळजी नाही असे खुशाल समजावे. सावित्रीबाई १८५६ साली माहेरी आजारी होत्या. तेथून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात शाळेचा भार ओढणाऱ्या ज्या बाईची त्यांनी काळजी केली, तिचे नाव फातिमा होते.

अफगाणिस्तानही मुळात असा नव्हता. १९२१ साली राजा अमानुल्ला व राणी सुरय्या यांनी काबूलात मुलींची शाळा काढली. त्याच साली बालविवाह व बायकोची किंमत मोजण्याच्या चालीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. हे जोडपे १९२७ च्या डिसेंबरात युरोपच्या प्रवासास निघाले असता मुंबईस येऊन गेले. योगायोग पाहा! त्याच महिन्यात, ता. २५ डिसेंबर रोजी, महाडास डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. एकाच महिन्यात दोन्ही मुलखांत जुन्या बेडीवर घण पडत होता. पण पुढे वाट फुटली. १९२८ साली सुरय्याने मुलींना शिकावयास तुर्कस्तानात पाठविले. १९२९ साली बंड होऊन अमानुल्लाचे राज्य गेले आणि मुलींच्या शाळाही बंद पडल्या. त्याच १९२९ साली आपल्याकडे शारदा कायदा झाला व मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरले. यातून आम्ही इतकाच बोध घेतो की, वरून राजाने दिलेला हक्क राजाबरोबर जातो. जो हक्क गावाने आपल्या घरात रुजविला, तोच टिकतो.

गरिबी हा या जुलमाचा दुसरा हात आहे. तिकडे मुलीच्या बापास पैसे देऊन लग्न लावण्याची चाल आहे. आपल्या जुन्या पिढीस तो प्रकार देज या नावाने ठाऊक होता. २०२१ साली दुष्काळ पडला, परकी मदत थांबली, मजुरी गेली. तेव्हा युनिसेफ या संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सांगितले की, पुढे लग्न लावण्याच्या बोलीवर अवघ्या २० दिवसांची मुलगीही काही घरांनी पैशासाठी देऊ केल्याच्या विश्वसनीय बातम्या आहेत. जो बाप असे करतो त्याला राक्षस म्हणणे सोपे आहे. पण शाळा बंद, नोकरी बंद, दुकान बंद, अशा देशात लेकीस पोसावे तरी कोणत्या आशेवर? तिच्या कमाईची सारी दारे आधी सरकारने लाविली, आणि मग बापाने तिला घराबाहेर काढली.

त्या देशात आणखी एक विलक्षण चाल आहे. ज्या घरात मुलगा नाही, तेथे एखाद्या मुलीस मुलाचे कपडे घालतात, केस कापतात व मुलगा म्हणूनच वाढवितात. तिला ते बाचा पोश म्हणतात. ती बाजारास जाते, बापाच्या दुकानात बसते, गल्लीत खेळते, बहिणींस सोबत करते. वयात आली की तिचे ते कपडे उतरवितात आणि ती पुन्हा घरात जाते. पोर तीच, अक्कल तीच, हातपायही तेच. म्हणजे बाईस बाहेरचे काम झेपत नाही, हे म्हणणे त्यांच्याच चालीने खोटे पाडले आहे. झेपते सारे. फक्त ते करू द्यावयाचे नाही.

आणि तरीही तेथील बाया हरल्या नाहीत. पहिल्या तालिबानी अमलात हेरात शहरात बायका शिवणकाम शिकण्यास म्हणून जमत. शिवणावर बंदी नव्हती. पिशवीत वर कापड-दोरा, आणि त्याखाली वही-पुस्तक! आत साहित्याचे पाठ चालत आणि बाहेर लहान मुले खेळत पहारा देत. आमच्या शिंपी बांधवांनी अभिमान धरावा अशी ही गोष्ट आहे, कारण सुईने तेथे विद्येची लाज राखली. या सुईच्या शाळेत नादिया अंजुमन नावाची एक मुलगी शिकली. २००१ नंतर ती विद्यापीठात गेली, तिच्या कवितांचे पुस्तक निघाले. तालिबान गेले होते. पण २००५ साली नवऱ्याने तिला मारहाण केली आणि त्यानंतर ती मरण पावली. वयाची पंचविशीही तिने गाठली नव्हती. काबूलचे तख्त बदलले तरी घरातले तख्त बदलले नाही, याचा याहून मोठा पुरावा तो कोणता?

येथे आम्हांस आपल्या घराकडे वळावयाचे आहे. आपल्याकडे तालिबान नाही, मुलीच्या शाळेवर बंदी नाही. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. आज २००९ च्या कायद्याने १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण हा हक्क आहे. २००६ च्या कायद्याने १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. इतके असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक! त्यांना कोणत्या मुल्लाने घरी बसविले? आमच्या हजेरीपत्रकात सातवीपर्यंत ज्या मुलीच्या नावापुढे एक खाडा नसतो, ती आठवीत महिन्यातून चार दिवस गैरहजर राहू लागते, नववीत तिचे नाव पुकारले की बाकी मुली खाली पाहतात. घरी विचारावयास जावे तर बाप म्हणतो, "मास्तर, शहाणी झाली आता. शाळा पाच मैलांवर. काही कमीजास्त झाले तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." ऊसतोडीच्या पट्ट्यात तर कोयत्यास जोडी पाहिजे म्हणून पोरीचे हात पिवळे करतात.

त्या बापाची भीती आम्ही खोटी म्हणत नाही. रस्ता सुना असतो, टवाळ पोरे असतात, एस.टी. वेळेवर येत नाही. पण रस्ता वाईट असेल तर रस्ता सुधारावा, की पोरीस डांबावे? चोरास मोकळे सोडून धन्यास कोंडणारा कोतवाल कोणी पाहिला आहे काय? काबूलच्या बापाच्या मानेवर बंदूक आहे. तुमच्या-आमच्या मानेवर फक्त "लोक काय म्हणतील" हे आहे. म्हणून त्याच्यापेक्षा आपला अपराध मोठा आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

आरडाओरड केल्याने काय होते, असेही कोणी विचारतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीस आले. ता. १० रोजी त्यांनी वार्ताहरांस बोलाविले, त्यात एकही बाई नव्हती. आपल्या राजधानीत हा प्रकार! देशभर ओरड झाली. दोनच दिवसांनी पुन्हा सभा भरली, आणि तीत स्त्री-वार्ताहरांनी समोर बसून मुलींच्या शाळांविषयी प्रश्न विचारले. त्याआधी जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या सर्वोच्च पुढाऱ्यावर व मुख्य न्यायाधीशावर स्त्रियांच्या छळाबद्दल पकडवॉरंट काढले. एवढ्याने काबूलच्या शाळा उघडल्या नाहीत, हे खरे. पण गप्प बसल्याने तर एकही दार उघडत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, आमचे मागणे थोडेच आहे. पोर शहाणी झाली की तिची ओटी खुशाल भरा, पण त्या ओटीत वही-पुस्तकही घाला, आणि पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च तिच्या सायकलीस लावा. त्या चार दिवसांत तिला कोपऱ्यात बसवू नका. विटाळ हा भटाने शोधलेला शब्द आहे, निसर्गाने नव्हे. मुलींस एस.टी.चा पास मोफत मिळतो, तो काढून घ्या, आणि गाडी वेळेवर यावी म्हणून पाच बापांनी मिळून आगारात जा. शाळेत मुलींसाठी पाण्यासह स्वतंत्र मोरी नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. तो प्रश्न बाईनेच विचारला तर अधिक चांगले. रस्त्यावर टवाळी करणारा पोरगा कोणाचा तरी मुलगाच असतो. त्याला दटावणे हे त्याच्या आईबापांचे काम आहे. आणि गावात अठराच्या आतील मुलीचे लग्न ठरत असेल, तर अक्षता टाकावयास जाण्याऐवजी १०९८ या क्रमांकावर कळवा. त्यात चहाडी नाही, पुण्य आहे.

१८५५ साली मांग जातीच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि धर्ममार्तंडांना प्रश्न केला. फुल्यांच्या शाळेत ती केवळ तीन वर्षे शिकली होती. तिच्याच वयाच्या मुलीस आज काबूलात घरी बसविले आहे. आपल्या वर्गात त्याच वयाची एक जागा रिकामी दिसत असेल, तर उद्या सकाळी तिच्या घरी जा आणि तिला हाताला धरून शाळेत घेऊन या. काबूलच्या मुलींविषयी आपला कळवळा खरा असल्याची खूण आम्ही तीच मानू.